ग्रंथदाता योहान गुटेनबर्ग

शाळेचें नवें वर्ष सुरू झालें म्हणजे विद्यार्थ्यांच्या हातीं कोरीं पुस्तकें येतात. आईबापांनीं त्यांस वेष्टनें घालावीं, मुलांनीं वर आपलें नांव सुवाच्य अक्षरांत लिहावें आणि पहिले चार दिवस त्यांच्या नव्या वासाचें कौतुक करावें, हा क्रम घरोघर चालतो. एका वर्गांतील पन्नास मुलांपाशीं तेंच पुस्तक, तेंच पान आणि त्या पानावर तींच अक्षरें असतात, यांत नवल करण्यासारखें कांहीं आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु सहाशें वर्षांपूर्वींच्या युरोपांत ही गोष्ट कोणी सांगितली असती, तर ती शक्य कोटींतील आहे असें कोणी मानलें नसतें. ज्या पुरुषाच्या परिश्रमानें ती तेथें शक्य झाली, त्या योहान गुटेनबर्गचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हें चरित्र एका कर्जबाजारी माणसाचें आहे. परंतु जगावर त्याचें केवढें ऋण आहे, हेंहि त्यावरून दिसून येईल.

त्या काळीं ग्रंथ म्हणजे हातानें लिहिलेली वस्तु. आपल्याकडे जशा बोरूनें पोथ्या लिहीत, तसे तिकडे मठांतील साधु आणि शहरांतील धंदेवाईक लेखक पिसाच्या लेखणीनें ग्रंथांच्या नकला करीत. पवित्र शास्त्राची एक संपूर्ण प्रत उतरून काढण्यास एका लेखकाचें एक वर्ष, क्वचित् त्याहूनहि अधिक, खर्ची पडे. एकानें केलेली चूक दुसरा तशीच उतरी आणि तींत स्वतःच्या एखाद्या चुकीची भर घाली. ग्रंथ इतके मोलाचे असत कीं, कित्येक ग्रंथालयांत ते सांखळीनें मेजास बांधून ठेवीत. गरिबाच्या घरीं ग्रंथ असणें ही कल्पनाच कोणाला सुचत नसे. आणि ज्याच्या घरीं ग्रंथ नाहीं, त्यानें वाचावयास तरी कशासाठीं शिकावें?

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या कांठीं माइन्त्स नांवाचें जुनें शहर आहे. रोमन लोकांच्या लष्करी ठाण्यापासून तें वाढलें आणि पुढें तेथील आर्चबिशपांचें मुख्य ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आलें. या शहरांत १४०० सालच्या सुमारास योहानचा जन्म झाला; त्याची जन्मतिथि कोठें नोंदलेली नाहीं. बाप फ्रीले गेन्सफ्लाईश हा शहरांतील वरिष्ठ वर्गापैकीं एक गृहस्थ होता. आई एल्से ही एका दुकानदाराची मुलगी. कुटुंबाच्या वाड्याच्या नांवावरून त्यास गुटेनबर्ग हें नांव पडलें. या घराण्याचा तेथील टांकसाळीशीं संबंध होता. नाण्यावर अक्षर कसें उमटतें, तें ठशावर उलटें कसें कोरावें लागतें, धातु कसा वितळतो व कसा थिजतो, या गोष्टी त्यास लहान वयांतच पाहावयास मिळाल्या असाव्यात.

परंतु बालपणींचा काळ शांततेचा नव्हता. शहरांतील वरिष्ठ घराणीं व कारागिरांचे संघ यांच्यांत कर आणि कारभार यांवरून वारंवार तंटे होत, आणि कित्येक कुटुंबांस घरदार सोडून जावें लागे. १४३४ सालीं आपणांस गुटेनबर्ग स्ट्रासबुर्ग शहरांत राहत असलेला आढळतो. माइन्त्स शहराकडून त्याचें वर्षासनाचें येणें थकलें होतें. त्या शहराचा चिटणीस स्ट्रासबुर्ग येथें आलेला पाहतांच त्यानें त्यास अटक करविली आणि मागाहून तेथील अधिकाऱ्यांच्या भिडेखातर सोडून दिलें. पुढें ज्याच्यावर स्वतः धनकोच्या हातून सर्वस्व गमावण्याची पाळी यावयाची होती, तोच या वेळीं धनको होता.

स्ट्रासबुर्ग येथें त्यानें भागीदार जमवून एक उद्योग मांडला. आखेन येथील पवित्र अवशेषांच्या दर्शनास दर सात वर्षांनीं हजारों यात्रेकरू जात. लहानसा आरसा अवशेषांपुढें धरला असतां त्यांचें पावित्र्य त्यांत सांठतें, असा लोकांचा समज होता. असे आरसे धातूचे ओतून यात्रेंत विकावे असा बेत होता. पण १४३९ ची यात्रा एक वर्षानें पुढें ढकलली गेली आणि भांडवल अडकून पडलें. तेव्हां भागीदारांनीं गुटेनबर्गकडून दुसरी एक गुप्त कला शिकण्याचा करार केला. १४३८ च्या नाताळांत त्यांतील एक भागीदार वारला व त्याच्या भावांनीं आपणांस भागींत घ्यावें म्हणून फिर्याद केली. निकाल बव्हंशीं गुटेनबर्गच्या बाजूनें लागला. त्या खटल्यांतील साक्षींत एक दाबयंत्र, शिसें, आणि यंत्रांतील भाग सुटे करून ठेवा म्हणजे तें काय आहे हें कोणास कळणार नाहीं, असा निरोप, यांचा उल्लेख आहे. मुद्रणाचा ध्यास त्यास या सुमारास लागला असला पाहिजे असें यावरून दिसतें.

येथें थोडें थांबून, या माणसाच्या हातीं पूर्वजांनीं काय काय दिलें होतें तें पाहूं. कारण कोणताहि शोध आकाशांतून पडत नसतो.

कागद चीन देशांतून आला. इसवी सन १०५ मध्यें त्साइ लुन नांवाच्या दरबारी अधिकाऱ्यानें सालीं, चिंध्या व जुनीं जाळीं यांचा लगदा करून कागद करण्याची सुधारलेली रीत आपल्या बादशहास सादर केली. ती कला समरकंद व बगदाद या मार्गानें मुसलमान राष्ट्रांत पसरली, तेथून स्पेन व इटली या देशांत गेली, आणि १३९० सालीं जर्मनींतील नूर्नबर्ग शहराजवळ कागदाची गिरणी सुरू झाली. लांकडी ठोकळ्यांवर अक्षरें कोरून छापण्याची कलाहि चीनचीच. मूळ संस्कृत असलेल्या एका बौद्ध सूत्राच्या चिनी भाषांतराची ८६८ सालीं छापलेली गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहे. पुढें १०४० नंतरच्या दशकांत बी शेंग नांवाच्या चिनी कारागिरानें भाजलेल्या मातीचे सुटे खिळे केले. आणि कोरिया देशांत १३७७ सालीं धातूच्या खिळ्यांनीं एक बौद्ध ग्रंथ छापला गेला. त्याचा एक खंड पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत जतन केलेला आहे. या पौर्वात्य खिळ्यांची वार्ता गुटेनबर्गच्या कानीं गेली होती, असा पुरावा मिळालेला नाहीं; परंतु त्याच्या आधीं अठ्ठ्याहत्तर वर्षें ही गोष्ट जगांत झाली होती, हें सांगितल्यावांचून त्याचें चरित्र प्रामाणिकपणें सांगतां येणार नाहीं.

अक्षरें त्यास फिनिशियन, ग्रीक व रोमन या राष्ट्रांच्या परंपरेनें मिळालीं. चिनी लिपींत हजारों चिन्हें. रोमन लिपींत दोन डझनांच्या आंत-बाहेर अक्षरें. थोड्या खिळ्यांत सारी भाषा मांडतां यावी ही सोय त्या जुन्या व्यापारी व विद्वान् लोकांनीं शेंकडों वर्षें आधीं करून ठेविली होती. गुंडाळीऐवजीं पानें शिवून केलेला ग्रंथ ही रोमन काळाची देणगी. द्राक्षांचा व ऑलिव्हचा रस काढण्याकरितां मळसूत्राचें दाबयंत्रहि रोमन लोकांनींच प्रचारांत आणलें, आणि ऱ्हाईनकांठच्या द्राक्षमळ्यांत तें सर्वत्र होतें. तैलरंगाची विद्या चित्रकारांनीं वाढविली होती. ठसा कोरण्याची विद्या सोनारांची व टांकसाळीची. असे हे दूरदूरच्या राष्ट्रांतून निघालेले ओघ एका माणसाच्या कारखान्यांत येऊन मिळाले.

मग गुटेनबर्गनें स्वतः केलें काय? त्यानें या सर्वांचा मेळ घातला आणि जेथें उणें होतें तेथें भर घातली. सारखे खिळे हजारोंनीं ओततां यावे ही त्याची मुख्य अडचण होती. पुढें शेंकडों वर्षें चाललेली रीत अशी: पोलादाच्या कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें कोरावयाचें, तो ठसा तांब्यावर ठोकून खळगा पाडावयाचा, तो खळगा हातांतील सांच्यांत बसवून त्यांत वितळलेला धातु ओतावयाचा. गुटेनबर्गचा पहिला सांचा हुबेहूब असाच होता कीं थोडा निराळा, याविषयीं आजच्या विद्वानांत मतभेद आहेत. परंतु एकाच उंचीचे खिळे विपुल ओतण्याची युक्ति त्यास साधली होती, यांत शंका नाहीं. नुसतें शिसें मऊ पडतें, म्हणून त्यांत कथील व अँटिमनी मिसळून लवकर थिजणारा टणक धातु तयार करावयाचा. पाण्याची शाई धातूवर ठरत नाहीं, म्हणून काजळी व तेल यांची दाट शाई करावयाची. खिळे जुळवून पान बांधावयाचें, त्यावर शाई लावावयाची, ओलसर कागद ठेवून यंत्रानें दाबावयाचा. आणि हव्या तितक्या प्रती निघाल्यावर तेच खिळे सोडवून पुढील पानास घ्यावयाचे. सांगावयास हें सोपें आहे. पण यांतील एक गोष्ट फसली असतां बाकीच्या सर्व व्यर्थ होत.

अशा प्रयोगांस वर्षेंहि लागतात आणि पैसाहि लागतो. १४४८ सालीं गुटेनबर्ग माइन्त्स येथें परत आलेला असून तेथें त्यानें एका नातलगाच्या मार्फत १५० गुल्डेन कर्ज काढल्याची नोंद आहे. १४५० मध्यें योहान फुस्ट नांवाच्या श्रीमंत गृहस्थानें त्यास ८०० गुल्डेन शेंकडा ६ व्याजानें दिले आणि त्या पैशांतून होणारें सामान तारण म्हणून लिहून घेतलें. १४५२ मध्यें फुस्टनें आणखी ८०० गुल्डेन दिले व तो ग्रंथांच्या कामांत भागीदार झाला.

या पैशावर लॅटिन भाषेंतील संपूर्ण पवित्र शास्त्र छापण्याचें काम चाललें. दोन खंड, सुमारें १,२८० पानें, बहुतेक पानांवर दोन रकाने व प्रत्येक रकान्यांत ४२ ओळी. म्हणून यास बेचाळीस ओळींचें पवित्र शास्त्र असें म्हणतात. लेखकाच्या हस्ताक्षरास शोभेल अशी छपाई व्हावी म्हणून जोडाक्षरें व संक्षेप धरून जवळजवळ २९० निरनिराळे खिळे त्यानें केले होते. सुमारें १८० प्रती निघाल्या. त्यांतील बऱ्याचशा कागदावर व बाकीच्या वासराच्या कमावलेल्या कातड्यावर. आरंभींचीं मोठीं अक्षरें मात्र चिताऱ्याकडून हातानें रंगवून घेण्याकरितां जागा मोकळी सोडलेली असे. इनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी नांवाच्या इटालियन विद्वानानें १४५४ मध्यें फ्रांकफुर्ट येथें या ग्रंथाचे सुटे भाग पाहिले. चष्म्यावांचून वाचतां येईल इतकें स्वच्छ तें अक्षर होतें, आणि काम पुरें होण्यापूर्वींच सर्व प्रतींस गिऱ्हाइकें मिळालीं होतीं, असें त्यानें एका कार्डिनलास कळविलें. हाच गृहस्थ पुढें १४५८ सालीं दुसरा पायस या नांवानें पोप झाला.

वीस वर्षांच्या खटपटीचें फळ असें दृष्टीस पडूं लागलें, तोंच फुस्टनें आपला पैसा परत मागितला. मुद्दल, व्याज व व्याजावरील व्याज मिळून त्याची मागणी २,०२६ गुल्डेनांची होती. ६ नोव्हेंबर १४५५ रोजीं माइन्त्स येथील मठांत फुस्टनें शपथ घेतली, व ती ज्या कागदांत नोंदली गेली तो कागद आजहि उपलब्ध आहे. गुटेनबर्गजवळ पैसा नव्हता. पहिल्या कर्जाचें तारण असलेलें सामान आणि छापलेल्या ग्रंथांचा सांठा फुस्टच्या हातीं गेला असें सामान्यतः मानतात. गुटेनबर्गच्या हाताखालीं तयार झालेला कुशल कारागीर पेटर शोफर हा त्या वेळीं फुस्टच्या बाजूस राहिला आणि पुढें त्याचा जांवई झाला. १४५७ च्या ऑगस्टांत या दोघांनीं स्तोत्रसंहितेचा एक अत्यंत सुंदर ग्रंथ छापून काढला. मुद्रकांचीं नांवें व तारीख ज्यावर छापलेली आहे असा तो युरोपांतील पहिला ग्रंथ. त्यावर फुस्ट व शोफर यांचीं नांवें आहेत. गुटेनबर्गचें नांव त्यानें स्वतः छापलेल्या एकाहि पानावर आढळत नाहीं.

फुस्टला खलपुरुष ठरविणें सोपें आहे. पण आम्हांस तें योग्य वाटत नाहीं. पांच वर्षें त्याचा पैसा अडकला होता, आणि त्याच्या पैशावांचून तो महाग्रंथ निघालाहि नसता. धनको आपला हिशेब मागतो, कारागीर आणखी एक वर्ष मागतो, आणि दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परी खरें असतें. मात्र पराभवानंतर गुटेनबर्गनें हात टेकले नाहींत. दुसऱ्यांच्या साहाय्यानें त्यानें छपाईचें काम पुढें चालविलें असें दिसतें. कारण त्याच्या मृत्यूनंतर माइन्त्स येथील एका विद्वान् गृहस्थानें, त्याच्यापाशीं असलेले आपल्या मालकीचे खिळे व हत्यारें आपणांस पोंचलीं, असें लिहून दिलें आहे.

१४६२ च्या ऑक्टोबरांत माइन्त्सवर मोठा अनर्थ ओढवला. आर्चबिशपच्या गादीबद्दल दोघांत युद्ध चाललें होतें. त्यांतील नासाऊचा आडोल्फ यानें रात्रीं शहरांत शिरून तें लुटलें आणि शेंकडों नागरिकांस हांकून दिलें. छापखान्यांतील कारागीर वाट फुटेल तिकडे गेले. परंतु ज्या कलेस आजवर गुप्त ठेविलें होतें ती त्यांच्या डोक्यांतून व हातांतून त्यांच्याबरोबर निघाली. १४६५ मध्यें इटलींत, १४७० मध्यें पॅरिस येथें आणि १४७६ मध्यें विल्यम कॅक्स्टनच्या हस्तें इंग्लंडांत छापखाने उभे राहिले. पंधरावें शतक संपण्यापूर्वीं युरोपांतील दोनशेंहून अधिक गांवीं छपाई चालूं झाली होती.

१४६५ च्या जानेवारींत त्याच आर्चबिशप आडोल्फनें गुटेनबर्गला आपल्या दरबारचा मानकरी नेमलें. दरवर्षीं पोशाख, धान्य व द्राक्षासव त्यास मिळे आणि करांची माफी होती. एवढ्या आधारावर त्याचे शेवटचे दिवस गेले. ३ फेब्रुवारी १४६८ रोजीं तो मरण पावला. ज्या मठमंदिरांत त्यास पुरलें तें पुढें पाडलें गेलें, त्यामुळें त्याची समाधि आज दाखवितां येत नाहीं. त्याच्या हयातींत काढलेलें एकहि चित्र उरलेलें नाहीं. १८३७ सालीं माइन्त्स येथें त्याचा भव्य पुतळा उभारला. पण त्याचें तोंड शिल्पकाराच्या कल्पनेंतील आहे.

त्याच्या कलेनें पुढें जें केलें त्याची मोजदाद कशी करावी? १४९३ सालीं कोलंबसच्या प्रवासाचें पत्र छापून निघालें आणि नव्या भूमीची वार्ता कांहीं महिन्यांत देशोदेशीं पसरली. १५१७ नंतर मार्टिन लूथरचे विचार छापील पत्रकांच्या पंखांवर जर्मनीभर गेले, आणि १५२२ मध्यें त्यानें भाषांतरिलेला नवा करार सामान्य माणसाच्या भाषेंत त्याच्या हातीं आला. १५४३ मध्यें कोपर्निकसचा ग्रंथ निघून पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हा विचार विद्वानांपुढें आला. आपल्या देशांत जन्मलेले व अरबांनीं युरोपांत नेलेले दशमान अंकहि छापील गणितांच्या पुस्तकांनींच तेथील व्यापाऱ्यांच्या घरांत पोंचविले. परंतु छापखाना चांगल्या-वाईटाची निवड करीत नाहीं. त्याच पंधराव्या शतकाच्या अखेरीस चेटकिणींचा छळ कसा करावा हें शिकविणारा ग्रंथहि छापला गेला आणि त्यानें अनेक निरपराध स्त्रियांच्या प्राणांवर बेतली. छापलेलें तें खरेंच, असें मानणाऱ्या वाचकानें ही गोष्ट विसरूं नये.

हा ओघ आपल्या किनाऱ्यासहि लागला. १५५६ सालीं हबसाणाकडे निघालेलें एक मुद्रणयंत्र गोव्यास उतरलें आणि तेथेंच राहिलें. हिंदुस्थानांतील हा पहिला छापखाना. मराठी भाषेच्या गोडीनें मोहित झालेले इंग्रज पाद्री फादर स्टीफन्स यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें छापलें गेलें. पण नागरी खिळे नसल्यामुळें तें रोमन अक्षरांत छापावें लागलें. नागरी खिळ्यांसाठीं आणखी बरीच वर्षें जावीं लागलीं. बंगाल्यांत श्रीरामपूर येथें डॉ. विल्यम केरी यांच्या छापखान्यांत पंचानन कर्मकार या लोहारकाम जाणणाऱ्या बंगाली कारागिरानें व त्याच्या शिष्यांनीं ते कोरले, आणि १८०५ सालीं केरी यांचें मराठी व्याकरण तेथें निघालें. १८३२ च्या ६ जानेवारीस मुंबईंत बाळशास्त्री जांभेकर यांनीं दर्पण पत्र सुरू केलें. माइन्त्स येथील धातूचा कारागीर आणि बंगाल्यांतील धातूचा कारागीर यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. तरी एकाच्या हातची विद्या दुसऱ्याच्या हातून आपणांस मिळाली.

आतां शिशाचे खिळे बहुतेक छापखान्यांतून गेले आहेत, आणि पान जुळविण्याचें काम संगणकावर होतें. साधनें बदललीं, ऋण बदललें नाहीं. चिनी कागदगर, फिनिशियन व्यापारी, रोमन शेतकरी, आपल्या देशांतील अंकवेत्ते आणि कर्जांत बुडालेला एक जर्मन कारागीर, या सर्वांचा वांटा विद्यार्थ्याच्या दप्तरांतील साध्या पुस्तकांत आहे. गुटेनबर्गचें फुस्टला देणें होतें तें सामान देऊन फिटलें. आपलें गुटेनबर्गला असलेलें देणें तसें फिटावयाचें नाहीं. तें फेडण्याची एकच वाट आम्हांस दिसते. पुस्तक नीट वाचावें, त्यांतील खरेंखोटें पारखावें, आणि वर्ष संपल्यावर तें रद्दींत न टाकतां, वरचें आपलें नांव खोडून, ज्याला तें घेण्याची ऐपत नाहीं अशा एखाद्या धाकट्या मुलाच्या हातीं द्यावें.